निर्ण्याची खालची कड

मनीषा : म्हणजे चार ब्लॉग, चार ईमेल, चार पासवर्ड. आणि कुठंच लिहून ठेवलेले नाहीत.

मल्लेश : लिहून ठिवलं तर कोण बी उघडंल की. सगळे डोक्यात हायत. करजगीचा तेवढा आठवंना झालाय.

मनीषा : काका, मी हैदराबादहून दिवाळीला आलेय. लाडू खायला ये म्हणालात आणि इथं ऑफिसात आणून बसवलंत.

मल्लेश : लाडू घरीच हायत, कुठं पळून जायलेत? आधी हे बग. संध्याकाळपर्यंत बसवराज अण्णाला सांगायचंय. तू कॉम्प्युटरच्या कंपनीत हायस, तुला इचारायचं न्हाई तर कुणाला? तुझ्या बापाला? योगीराज अजून मोबाईल उलटा धरून हॅलो म्हणतोय.

मनीषा : पप्पांचं सोडा. मला आधी सांगा, प्लॉट विकणाऱ्या माणसाला चार ब्लॉग कशाला लागतात?

मल्लेश : आता ऐक. हुमनाबादेत प्लाट इकणारे ढीगभर हायत. बोर्ड सगळ्यांचे हायत. पर घेणारं गिऱ्हाईक इथं ऱ्हायलंय कुठं? पोरं पुण्याला गेली, मुंबईला गेली, तुझ्या हैदराबादला गेली. तिकडं कमवायलेत आन गावाकडं एक तुकडा पायजे म्हणायलेत. त्यानला माझा बोर्ड कसा दिसंल? म्हून सायबर कॅफेवाल्याला म्हणलो, माझं बी कायतरी नेटवर टाक. त्यानं पयला जनवाड्याचा काढला, फुकटातला. मग निर्ण्याचं लेआउट आलं. निर्ण्याच्या माणसाला जनवाड्याचं काय करायचंय? त्याला त्याचंच गाव बगायचंय. म्हून दुसरा. मग करजगीचा. मग इथल्या भाड्याच्या घरांचा.

मनीषा : आणि लोक बघतात?

मल्लेश : बगत्यात म्हणजे? फोन येत्यात. पुण्यातनं रातच्याला फोन करून इचारत्यात, काका, आमच्या शाळंपसून किती लांब हाय ते. प्लाटचं इचारत न्हाईत, शाळंचं इचारत्यात.

मनीषा : बरं. आता बसवराज अण्णांचं काय ते सांगा.

मल्लेश : ते लेआउटवाले. निर्ण्याचं लेआउट त्यांचं, जनवाड्याचं बी त्यांचंच. मी इकून देतो. माझं बारा आणे काम त्यांच्यामुळं चालायलंय. त्यांनी बेंगळूरच्या माणसाकडनं मोठी साईट करून घेतलेत. म्हणले, मल्लेश, तुझे चारी ब्लॉग आमच्यात आण. एकच चावी, एकच घर. तुला कॅफेवाल्याच्या मागं फिरायला नको. आन जुने काढून टाक म्हणले. ही त्यांनी दिलेली चावी. बग चांगलं हाय का.

मनीषा : थांबा, डोंगल लागू दे. इथं नेट येतंय जातंय... हं, उघडलं. दिसायला छान आहे काका. फोटो मोठे येतात, नकाशा आहे, गावागावाचं वेगळं पान आहे. तुमच्या त्या फुकटच्यापेक्षा शंभरपट बरं.

मल्लेश : मग झालं की. हो म्हणून टाकू.

मनीषा : घाई काय आहे? तीन रस्ते आहेत तुमच्याकडं. एक, आहे तसं फुकटचं ठेवायचं. पैसे लागत नाहीत, पण जागा दुसऱ्याची. त्यांनी उद्या दुकान बंद केलं तर तुमचं सगळं गेलं. आणि चार ठिकाणी चार वेळा लिहीत बसा. दोन, हे बसवराज अण्णांचं. तीन, आपल्या नावाची स्वतःची जागा घ्यायची नेटवर. वर्षाला थोडे पैसे पडतात. त्यात एकाखाली हवे तेवढे ब्लॉग काढता येतात. चावी एक, दारं चार. जनवाड्याचा माणूस जनवाड्याच्या दारानं येईल, निर्ण्याचा निर्ण्याच्या. लिहिणारे तुम्ही एकटेच.

मल्लेश : एकाच जागेत चार ब्लॉग. मग एकमेकांत मिसळायचे न्हाईत का?

मनीषा : नाही मिसळत. ती सोय असते.

मल्लेश : मग अण्णाच्या साईटवर बी तसंच हाय की. शिवाय फुकट.

मनीषा : तेच बघतेय. तुमचं नाव दिसतंय इथं. लिहायची जागा आहे. पण काका, इथं ‘प्रसिद्ध करा’ असं बटणच नाही. ‘तपासणीसाठी पाठवा’ एवढंच आहे.

मल्लेश : म्हणजे?

मनीषा : म्हणजे तुम्ही लिहायचं, ते त्यांच्या ऑफिसात जाणार. तिथं कोणीतरी वाचणार. त्यांना पटलं तर लोकांना दिसणार. नाही पटलं तर तिथंच पडून राहणार. हे तुम्हाला सांगितलं होतं का त्यांनी?

मल्लेश : मोठ्या कंपनीत असं असतंय.

मनीषा : असतं. पण तुमचं तोंड का उतरलं?

मल्लेश : कुठं उतरलंय? उन्हात फिरून फिरून काळं पडलंय ते.

मनीषा : काका, मी लहानपणापासून बघतेय तुम्हाला. काय झालंय?

मल्लेश : काय न्हाई. तू आधी जुने उघड. त्यातलं काय न्यायचं, काय न्हाई ते बगू.

मनीषा : जनवाड्याचा उघडला. वाचू? “बिदरपासून जवळ, डांबरी रोडला लागून. नाली व लाईटची सोय आहे. दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन इथं उतरायचो. जनवाड्याच्या बायका लेकरांना मेंढरं दाखवायला काखेत घेऊन यायच्या. इथल्या ज्वारीच्या भाकरीची चव अजून माझ्या तोंडात आहे. तीस बाय चाळीसचे थोडेच प्लाट शिल्लक.” काका, हे काय आहे?

मल्लेश : जाहिरात.

मनीषा : भाकरी विकताय का प्लॉट?

मल्लेश : हास तू. पर हेच वाचून फोन येत्यात. नुसता रेट टाकलो तेव्हा कुत्रं बी इचारत नव्हतं.

मनीषा : हसत नाहीये, खरंच. करजगीचा पासवर्ड नाही, पण वाचता तर येतोय. “उन्हाळ्यात आमचा मुक्काम भीमेच्या अंगाला असायचा. करजगीच्या लोकांनी कधी पाण्याला नाही म्हटलं नाही. संध्याकाळी मेंढरं पाण्यावरून परत यायची तेव्हा वडील पुढं आणि मी मागं. धुळीत वडील दिसायचे नाहीत, त्यांची हाळी ऐकू यायची. त्या हाळीमागं चालत मी मोठा झालो.” काका.

मल्लेश : काय?

मनीषा : पप्पांनी हे कधीच सांगितलं नाही मला. एक शब्द नाही. शाळेत कुणी विचारलं तुमचं गावाकडं काय, तर शेती आहे म्हणून सांग म्हणायचे.

मल्लेश : योगीराज ब्याण्णवलाच गेला की हैदराबादला. कारखान्यात लागला. त्याला लाज वाटायची मेंढरांची. माझं वेगळं. मी शेवटपर्यंत होतो. सत्त्याण्णवला इकलो आपण. इकलो म्हणजे काय, जागाच ऱ्हायली न्हाई. जिकडं तिकडं बोअर पडले, ऊस आला, तारा मारल्या. मेंढरं चालणार कुठनं? ट्रकात चढवताना अप्पा, तुझे आज्जा, घरातनं भाईर आलेच न्हाईत. मी एकेकाला उचलून चढवलो. लई रडलो त्या दिवशी.

मनीषा : आणि मग त्याच जमिनींचे प्लॉट विकायला लागलात.

मल्लेश : मला दुसरं येतंय काय? ज्या गावात जाईन तिथला बांध न बांध मला ठाऊक. एक लेआउटवाला म्हणला, तुला सगळी गावं माहीत हायत, गिऱ्हाईक दाखव. तिथनं सुरू झालं.

मनीषा : निर्ण्याचा उघडते आता.

मल्लेश : तो ऱ्हाऊ दे.

मनीषा : का?

मल्लेश : तो उडवायचाच हाय. वाचून काय करतीस?

मनीषा : म्हणजे जे काय झालंय ते यातच आहे. “निर्ण्याला हणमंतरावांच्या शेतात आम्ही दरसाल मेंढरं बसवायचो. त्यांची वरची कड फार चांगली. तिथल्या आंब्याखाली मी झोपायचो. खालच्या कडंला मात्र मेंढरं कधी बसली नाहीत. हाकलून नेली तरी रात्रीतून उठून वर यायची. त्यांच्या मनात काय असायचं त्यांनाच माहीत. सर्व प्लाट क्लिअर टायटल.” यात काय वाईट आहे? मेंढ्या शेतात कशाला बसवायचात पण?

मल्लेश : खतासाठी. पीक निघालं की शेतकरी बोलवायचा. रातभर मेंढरं त्याच्या रानात कोंडायची. लेंड्या पडत्यात, मूत पडतं, जमिनीला ताकद येती. सकाळी तो ज्वारी द्यायचा, कधी तूर द्यायचा. आमचं पोट त्याच्यावर.

मनीषा : बरं. मग?

मल्लेश : मग काय. मी आपलं आठवलं तसं लिहिलो. मला वाटलं गमतीची गोष्ट हाय. निर्ण्याचा तानाजी हाय बग, पुण्यात गाड्यांच्या कंपनीत. त्यानं खालच्या रांगेतला कोपऱ्याचा प्लाट धरला होता. त्यानं वाचलं. खाली लिहिला, मल्लूअण्णा, कळलं, बुकिंग मागं घेतलो. मला कायच कळंना. फोन लावलो. तो म्हणला, अण्णा, मेंढरू ओल्यात बसत न्हाई, हे मला निर्ण्याच्या पोराला सांगायचं का? पावसात तिथं खालनं पाणी येत असंल. वरनं दिसत न्हाई. घर बांधलं तर भिंती ओल धरतील, पाया बसंल. लई उपकार झाले म्हणला.

मनीषा : आणि मग?

मल्लेश : त्यानं आपल्या गाववाल्यानला सांगितलं. खालची रांग अख्खी मोकळी झाली. बसवराज अण्णा हितं आले. बसले न्हाईत, च्या घेतले न्हाईत. म्हणले, मी रोड केलो, लाईट आणलो, आन तू मेंढरांचं मत छापायलास? मी काय बोलू? मला माहीत असतं तर लिहिलोच नसतो. पंधरा दिसांनी त्यांनी ही साईट आणली. आता कळलं ना ते बटण कामून न्हाई.

मनीषा : म्हणजे आजच्या नंतर तुम्ही भाकरीचं लिहिलं तरी त्यांनी पास करायचं.

मल्लेश : भाकरीचं करतील. खालच्या कडंचं करणार न्हाईत.

मनीषा : आणि हे जुने उडवायचे.

मल्लेश : उडवायचे. मनी, मला भ्या वाटायलंय. ज्योती गुलबर्ग्याला इंजिनियरिंगला हाय. अण्णानं हात काढला तर माझ्याकडं भाड्याची चार घरं ऱ्हात्यात आन करजगीचा एक तुकडा. त्या भरवशावर पोरीचं शिक्षण करू? तू मला सांग कुठलं चांगलं हाय. दिसायला, चालायला. बाकीचं सोड.

मनीषा : दिसायला अण्णांचं चांगलं आहे. ते मी खोटं नाही सांगणार. पण आज्जांचं हे सगळं जाईल.

मल्लेश : अप्पाला कुठं वाचता येतंय?

मनीषा : त्यांना माहिती आहे का तुम्ही हे लिहिता ते?

मल्लेश : माहीत हाय. रोज दुपारी हितं येत्यात. मी वाचून दाखवतो. तेच चुका काढत्यात, ही विहीर तिकडं होती, ती बाभळ न्हवं, लिंब होता. मग मी दुरुस्त करतो. आता यायचाच टाईम झालाय त्यांचा. त्यांच्यासमोर निर्ण्याचं काढू नको.

(काठीचा आवाज. अप्पाराव दारात येतात, चपला काढून बाकड्यावर बसतात.)

अप्पाराव : मनीषा हितं हाय व्हय? मी घरभर हुडकायलो.

मनीषा : या आज्जा. पाणी देऊ?

अप्पाराव : नको. तुझ्या काकूनं, तुळजानं, आत्ताच दिलं. मल्ल्या, आज न्हाई का वाचायचं?

मल्लेश : आज काम हाय अप्पा. हे सगळं दुसऱ्या जागी न्यायचंय.

अप्पाराव : कुठं न्यायलास? हितं काय वाईट हाय?

मनीषा : जागा बदलायचीय आज्जा. आता चार ब्लॉग चार ठिकाणी आहेत. एकाच ठिकाणी आणायचे, पण प्रत्येक वेगळा ठेवायचा.

अप्पाराव : ते सोपं हाय. पाऊस लई लागला की आमी चार घरची मेंढरं एकाच वाघरीत कोंडायचो. वाघर म्हणजे जाळी बग, भवती लावायची. सकाळी वेगळी करावी लागायची न्हाईत. हाळी दिली की आपापल्या माणसामागं जायची.

मल्लेश : अप्पा, तुमी घरी जाऊन पडा जरा.

अप्पाराव : मी पडून पडून कटाळलोय. वाच की एक. निर्ण्याचं वाच, ते मला लई आवडतं.

मल्लेश : ते नको.

अप्पाराव : कामून? मनीषे, तू वाच. ह्याचा आवाज घशातच ऱ्हातोय.

मनीषा : वाचू काका?

मल्लेश : वाच. वाच, त्यांनी म्हणल्यावर काय.

मनीषा : “...वरची कड फार चांगली. तिथल्या आंब्याखाली मी झोपायचो. खालच्या कडंला मात्र मेंढरं कधी बसली नाहीत.”

अप्पाराव : बरोबर लिवलास. ते सांगावंच लागतंय.

मनीषा : कुणाला सांगावं लागतं आज्जा?

अप्पाराव : ज्याचं रान हाय त्याला. सकाळी तो ज्वारी घेऊन यायच्या आधी आमी रानात फिरून बगायचो, मेंढरं कुठं बसली, कुठं न्हाईत. जिथं बसली न्हाईत ते त्याला दाखवायचो. का म्हणशील, तर तो बिचारा समजतो सगळीकडं खत पडलं. तसंच पेरतो. तिथं उगवत न्हाई. मग तो कुणाला शिव्या देईल? आमाला. पुढच्या साली दुसऱ्याला बोलवंल.

मनीषा : आणि हणमंतराव? त्यांना माहीत नव्हतं, त्यांच्याच शेतातलं?

अप्पाराव : माहीत होतं की. हसायचा. म्हणायचा, अप्पाराव, दरसाल तेच सांगायलास. मी म्हणायचो, तुला माहीत असू दे न्हाईतर नसू दे, माझं मी सांगणार. ह्या मल्ल्याला धाडायचो. हा जाऊन त्या जागंवर उभारायचा.

मनीषा : उभारायचे म्हणजे?

अप्पाराव : हणमंतरावचं घर लांब, बांधापलीकडं. तिथनं त्याला दिसावं म्हून हा खालच्या कडंला जाऊन उभारायचा. एवढासा होता. डोक्यावर घोंगडी घ्यायचा, काळी, म्हणजे लांबून दिसंल. हणमंतराव बांधावर यायचा, बगायचा, आन हात वर करायचा. कळलं म्हून. तवर ह्यानं हालायचं न्हाई.

मल्लेश : लई वेळ लावायचे ते हात वर करायला. मुद्दाम लावायचे. मी थंडीत काकडायचो.

अप्पाराव : रडायचास बी.

मल्लेश : पाय गार पडायचे तिथं. वर आंब्याखाली पडायचे न्हाईत, रस्त्यावर पडायचे न्हाईत. तिथंच. अनवाणी असायचो की. तळवे ओले व्हायचे आन मातीत रुतायचे. मी तसाच धावत येऊन तुमच्या शेकोटीत पाय धरायचो.

अप्पाराव : व्हय. बोटाच्या मधी माती अडकायची तुझ्या. तुझी माय काढायची काडीनं.

मल्लेश : मनी, मला माहीत होतं.

मनीषा : काय?

मल्लेश : अण्णाला मी म्हणलो, मला माहीत असतं तर लिहिलोच नसतो. पर मला माहीत होतं. माझ्या पायाला माहीत होतं. तानाजीनं सांगायच्या आधीपसून. लेआउटचे दगड रोवताना मी त्या कडंला बूट घालून उभारलो होतो, म्हून कळलं न्हाई.

अप्पाराव : काय म्हणायलास? कुणाला सांगितलास?

मल्लेश : काय न्हाई अप्पा. एक इचारू? समजा आपण हणमंतरावाला सांगितलंच नसतं तर? त्यानं ज्वारी दिली नसती का?

अप्पाराव : दिली असती की. ज्वारी त्याच दिवशी मिळती. त्याला कुठं तेव्हा कळायलंय.

मल्लेश : मग कामून सांगायचं?

अप्पाराव : आता ते काय इचारायलास? रातभर आपली मेंढरं त्याच्या रानात होती. तो घरात निजला होता. त्यानं बघितलं न्हाई, आपण बघितलं. मग कोण सांगणार?

मनीषा : काका, फोन वाजतोय तुमचा.

मल्लेश : बसवराज अण्णाचाच हाय. गप बसा दोघं... नमस्कार अण्णा. व्हय, बघितलो. माझी पुतणी आलेय, तिनं बी बघितली. लई चांगली साईट हाय, खोटं कामून बोलू... व्हय, ते बटणाचं कळलं... अण्णा, एक सांगू का, रागावू नका. बगीच्याची जागा तुमी वरच्या कडंला सोडल्यात न्हवं? ती खाली घ्या. खालची रांग बगीच्यात जाऊ द्या आन वर प्लाट पाडा. वरचे मी एका हंगामात काढून देतो, त्या आंब्याखालचे तर पुण्याची पोरं मागून घेतील... न्हाई अण्णा, मेंढरांचं न्हाई सांगायलो. माझ्या पायाचं सांगायलो. मी ल्हानपणी उभारलोय तिथं... नकाशा मंजूर झालाय ते मला माहीत हाय. बदलता येतोय की तो... बरं... व्हय, तुमचा पैसा हाय, माझा न्हाई... मग अण्णा, मला त्या बटणाचं जमणार न्हाई. आन जुनं बी मी काढणार न्हाई... बरं. बरं अण्णा. ठिवतो.

मनीषा : काय म्हणाले?

मल्लेश : म्हणले, उद्या माणूस पाठवतो, दारावरचा आमचा बोर्ड उतरवून दे.

अप्पाराव : कुणाचा बोर्ड?

मल्लेश : बसवराज अण्णाचा. त्यांचं काम आजपसून बंद अप्पा. निर्ण्याचं बी, जनवाड्याचं बी.

अप्पाराव : आन ज्योतीचं?

मल्लेश : करायचं की कसं बी. भाड्याची घरं हायत. करजगीचा तुकडा हाय. दुसरा कोण लेआउटवाला भेटतोय का बगायचं. तुळजाला मी सांगतो, तुमी काय बोलू नका.

मनीषा : काका, पाणी घ्या. बसा आधी.

मल्लेश : बसलोय. मनी, ते तिसरं काय म्हणलीस? आपल्या नावाची जागा.

मनीषा : हौ. आता लगेच घेता येते. माझ्या कार्डावर घेते, तुम्ही नंतर बघा. नाव काय द्यायचं?

मल्लेश : काय दिऊ? प्लाटवाला मल्लेश?

मनीषा : ते तर रस्त्यावरच्या भिंतीवर पण लिहिलंय तुम्ही.

अप्पाराव : तुझंच नाव दे की. लोकानला नाव माहीत पायजे, कोण सांगायलाय ते.

मल्लेश : मल्लेश अप्पाराव. दे. दोन्ही दे.

मनीषा : मिळतंय. कुणी घेतलेलं नाही... घेतलं. आता यात चार दारं करते. जनवाडा. निर्णा. हुमनाबाद भाड्याची घरं. करजगी. जुन्यातलं सगळं इकडं ओढून घेऊ. करजगीचा पासवर्ड नाही म्हणून ते मात्र बसून हातानं उतरवावं लागेल. मी उतरवते, मला वाचायचं पण आहे. लोकांनी खाली जे लिहिलंय, तानाजीचं वगैरे, ते पण येईल.

मल्लेश : अण्णाच्या प्लाटचे रेट काढून टाक. ते आता माझे न्हाईत इकायला.

मनीषा : मग निर्ण्याच्या पानावर काय राहील? विकायला तर काहीच नाही.

मल्लेश : नसू दे. गाव तर हाय. निर्ण्याची पोरं बगायला येत्यात, त्यानला रिकामं दार दिसायला नको.

मनीषा : जुनं आहे तसं ठेवू का बदलायचं काही? “त्यांच्या मनात काय असायचं त्यांनाच माहीत” असं लिहिलंय तुम्ही.

मल्लेश : ते काढ. तिथं लिही, खालच्या कडंला जमीन आतनं ओली हाय. मी स्वतः अनवाणी उभारून बघितलोय. घर बांधणाऱ्यानं वरची कड बघावी. एवढंच.

मनीषा : लिहिलं. ‘प्रसिद्ध करा’ तुम्ही दाबा. इथं आहे ते बटण, हे निळं.

मल्लेश : थांब. आंबा अजून हाय का तिथं, अप्पा? मी मागच्या खेपेला बघितलोच न्हाई.

अप्पाराव : मला काय इचारतोस? मी कुठं जायलोय. तूच बगून ये आन मला सांग.

मनीषा : एक फोटो पण पाहिजे वर. पानाला फोटो नसला की लोक थांबत नाहीत. जुना काही आहे का, मेंढरांचा?

मल्लेश : आमच्या मेंढरांचा फोटो कोण काढतंय? एक बी न्हाई.

मनीषा : मग लेआउटचा टाकू? दगडांचा?

मल्लेश : दगडांचा नको. उद्या सकाळी जाऊ निर्ण्याला. तू बांधावर उभार. मी खाली जातो, त्या जागंवर. तिथनं काढ.

अप्पाराव : घोंगडी माळ्यावर हाय. ती घेऊन जा. लांबून दिसायला पायजे.